उरलेलं आणि उष्टं

उरलेलं वेगळं आणि उष्टं वेगळं, हे आपल्या घरांत शिकवावं लागत नाही. शिराळ्यासारख्या गावात पंगत उठली की आमटी-भाताची पातेली भावकीत, वाडीवस्तीवर जातात. शहरात शेजाऱ्याचीच ओळख नसते; मग हॉल रिकामा करण्याच्या घाईत चांगला मसालेभात कचरागाडीत पडतो. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये ‘रोटी बँक’ सुरू करून समारंभांतलं उरलेलं अन्न भुकेल्यांपर्यंत पोचवायला घेतलं. अशा वाटपासाठी ‘एफएसएसएआय’ या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियमही आहेत.

घोडं अडतं वेळेपाशी. शिजलेलं अन्न उन्हाळ्यात काही तासांत आंबतं. उशिरा पोचलेलं दान आजार पसरवतं. म्हणून मंगल कार्यालयाचं बुकिंग करतानाच उरलेल्या अन्नाची सोय ठरावी, पानात न वाढलेलं अन्न झाकून वेगळं ठेवावं आणि पालिकांनी लग्नसराईत रात्रीची गाडी व एक फोन क्रमांक द्यावा. शिराळ्याच्या नगरपंचायतीनेही ही घडी आताच बसवावी. कारण पंगतीच्या जागी बुफे आता गावातही आला आहे.

कसोटी एकच: जे आपण स्वतः खाऊ, तेच दुसऱ्याला द्यावं.