नाटकवाल्यांना पैसे कशाला?

आपल्या संस्थेच्या गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्चाचे वाचन चालू असता एका तरुण सभासद-मित्रांनी उभे राहून विचारले की, गावातील हौशी नाट्यमंडळींना आपण दरवर्षी जी देणगी देतो, ती डॉक्टरांच्या संस्थेने का द्यावी? तेवढ्याच रकमेत मधुमेह तपासणीचे एक जादा शिबिर होईल. प्रश्न प्रामाणिक होता. उत्तर देण्याइतका वेळ सभेत उरला नव्हता आणि देणगी बंद करण्याचा ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. तत्पूर्वी माझे म्हणणे या स्मरणिकेतून मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी कोषाध्यक्ष असताना हीच रक्कम मी निम्मी केली होती. त्या वर्षी त्या मंडळींनी नवे नाटक बसविले नाही. जुनीच एकांकिका पुन्हा केली. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजविल्या आणि माझ्या काटकसरीचा या एकांकिकेशी काही संबंध असेल हे मनातही आले नाही.

नाटकाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे आपण सहज म्हणून जातो. मराठी रंगभूमीचा इतिहास काय सांगतो? १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेने आणि आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि तो आश्रय संपला. मग भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. आश्रयावाचूनही नाटक जगले, हा दाखला येथूनच देतात. परंतु आधीची आठ वर्षे हिशेबात धरावयाची की नाही? कमी वजनाच्या बाळाला आपण काचेच्या पेटीत ठेवतो. ते पुढे अंगणात धावू लागले म्हणून पेटीचा खर्च फुकट गेला, असे आपल्यापैकी एकही बालरोगतज्ज्ञ म्हणणार नाही.

बडोदेकरांना तर हे सांगावयास नकोच. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये येथे गायनशाळा काढली, गंधर्व नाटक मंडळीला आश्रय दिला. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. त्यानंतर राजाश्रयाची जागा कोणी घ्यावयाची, हा प्रश्न आपल्यासारख्या लहानमोठ्या संस्थांच्या दारी येऊन थांबला, आणि तो अजून तेथेच आहे.

१९७०च्या दशकात मी पुण्यास बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो. (अहमदाबादच्या बी. जे.त नव्हे, येथे हा खुलासा दरवेळी करावा लागतो.) डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे ही आमच्याच महाविद्यालयाची मंडळी. सतीश आळेकर तेथे जीवरसायनशास्त्र विभागात काम करीत. १९७२ च्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. थोड्याच प्रयोगांनंतर मातृसंस्थेने ते थांबविले, तेव्हा ही मंडळी बाहेर पडली आणि १९७३ मध्ये त्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची, फारशी न सांगितली जाणारी गोष्ट. १९८५ नंतर याच संस्थेने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नवे नाटककार घडविण्याची आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांना बळ देण्याची योजना अनेक वर्षे राबविली. तिची आखणी आळेकरांची. ‘महानिर्वाण’ आणि ‘बेगम बर्वे’ लिहून झालेला नाटककार आपला वेळ दुसऱ्यांच्या लेखनासाठी खर्च करतो, याचे मला आजही नवल वाटते. आपल्या व्यवसायात, समोरच्या गल्लीत नवा दवाखाना निघाला तर आपण किती आनंदित होतो, ते आपले आपण आठवावे.

नाटकवाले नुसते मागतात, हाही गैरसमजच. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक ‘मानापमान’च्या संयुक्त प्रयोगात एकत्र उभे राहिले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. आपल्याच व्यवसायातले डॉ. श्रीराम लागू यांनी कान-नाक-घशाची चालती प्रॅक्टिस सोडून रंगभूमी पत्करली आणि पुढे निळू फुले प्रभृती कलावंतांसह ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. त्याच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. समाजसेवेसाठी नाटकवाल्यांनी पैसे उभे केले. आपण मात्र समाजसेवेच्या नावाने त्यांचे पैसे काढून घेऊ पाहतो.

तरीही देणगी डोळे मिटून द्यावी, असे मी म्हणणार नाही. हौशी संस्थेत पैसा अपुरा पडला की पहिली कात्री नाटककाराच्या मानधनाला लागते. नेपथ्यवाला आणि प्रकाशयोजनावाला रोख मागतात. लेखक संकोची असतो. म्हणून आपली रक्कम प्रथम नाटककाराला मिळावी आणि ती नव्या संहितेसाठी असावी, अशी अट घालावी. दुसरे, या मंडळींनीही आपसांत जुळवून घ्यावे. सभागृहाचे भाडे वाढले तेव्हा आपल्या दोन मराठी संस्था सवलत मागावयास निरनिराळ्या गेल्या आणि दोन्ही रिकाम्या हाताने परतल्या. पुढच्या वर्षी गुजराती नाट्यसंस्थांना बरोबर घेऊन एकत्र अर्ज केला, तेव्हा तालमींसाठी निम्मा दर मिळाला. हा अर्ज लिहून देण्यास मी होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

राहिला प्रश्न मधुमेह शिबिराचा. ते अवश्य व्हावे. वार्षिक स्नेहभोजनातील एक मिष्टान्न कमी केले तर त्याचा खर्च सहज निघेल, आणि शिबिराच्या विषयालाही ते साजेसे होईल.

पुढील सभेत मी ठरावाच्या विरोधी मत देणार आहे. मी कापलेली निम्मी रक्कम पूर्ववत करावी, अशी उपसूचनाही चिटणीसांकडे लेखी दिली आहे. तिला अद्याप अनुमोदक मिळालेला नाही.