फाइव्ह स्टार, पण हॉटेल नव्हे!

'माझी पोस्टिंग पंचतारांकितला झालीये!' मैत्रिणीचा मेसेज आला आणि पुण्यात आम्ही लगेच पार्टी मागितली. मग बाईंनी खुलासा केला : कागल पंचतारांकित एमआयडीसी, जिल्हा कोल्हापूर. झालं! पार्टी राहिली बाजूला. 'तिथं तू करणार काय?' असं मीच तिला विचारलं. तिनं तर राजीनाम्याचा मेल टाइप करून ठेवला होता.

तर मंडळी, एमआयडीसीतले हे तारे रस्ते, पाणी, विजेच्या सोयींसाठी असतात. बुटीबोरी, शेंद्राही पंचतारांकितच. इथे किर्लोस्करांची इंजिनं बनतात, रेमंडचं सुती शर्टिंगही. म्हणजे तुमच्या अंगावरचा फॉर्मल शर्ट कदाचित कागलकरच असेल!

पण कागल कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव नावाचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. तेच आपले राजर्षी शाहू. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जातीजातींच्या मुलांसाठी कोल्हापुरात बोर्डिंग उभी राहिली. १९२० ची माणगाव परिषद, जिथं शाहूंनी बाबासाहेबांना पुढारी म्हणून सर्वांसमोर आणलं, ते माणगावही तेव्हा कागल जहागिरीतलंच. म्हणजे शिवाजी विद्यापीठ १९६२ चं असलं, तरी कोल्हापूरला शिक्षणाचं गाव करायची सुरुवात त्याआधी साठ वर्षं झाली होती.

तरीही सगळं सोपं झालं असं समजू नका. आनंद यादव १९३५ साली कागलातच जन्मले. वडिलांना पोरगा शेतात हवा, पोराला शाळा हवी. त्या ओढाताणीची 'झोंबी' १९८७ मध्ये आली, १९९० मध्ये तिला साहित्य अकादमी मिळालं. कोल्हापूरला जाताना एसी बसमध्ये वाचायला घेतली आणि कॉफी गार झाली. कॉलेजात लेक्चर बंक करण्यात पीएचडी केलेल्या आमच्यासारख्यांनी तर जरूर वाचावी!

मैत्रीण राहते कोल्हापुरात. सकाळी कंपनीची बस पकडते. पूर्वी शिकायचं तर कागलहून कोल्हापूर गाठायचं. आता कोल्हापुरात शिकलेली पोरं नोकरीला कागलकडे निघतात. तिच्या शेजारच्या सीटवरची ट्रेनी पंचक्रोशीतलीच, घरातली पहिली ग्रॅज्युएट. पहिल्या पगारातून तिनं धाकट्या भावाची फी भरली. हे सांगताना मैत्रीण जरा गप्प झाली. राजीनाम्याचं मी मुद्दाम काही विचारलं नाही.

परवा तिला फोन केला, तर म्हणाली, 'आत्ता शिफ्ट सुटली, नंतर करतो.'

करतो? कोल्हापुरी पोरींसारखी बोलायला लागली की ही! मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे म्हणे.