वसतिगृहांतील पंक्तिभेद

विद्यापीठांच्या आवारांत अलीकडे 'विविधता' या शब्दाचें भाग्य उजळलें आहे. वर्षांतून एकदां सांस्कृतिक सप्ताह भरतो. त्यांत कोणी फेटा बांधून लेझीम खेळतो, कोणी बिहू नाचतो, पंजाबी विद्यार्थी भांगड्यानें मांडव दणाणून सोडतात, आणि शेवटीं कुलगुरुमहाशय अनेकतेंतील एकतेवर पाऊण तास बोलतात. टाळ्या पडतात, छायाचित्रें निघतात, माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठाची सोय होते. या सोहळ्याशीं आमचें भांडण नाहीं. परंतु त्याच रात्रीं तेच फेटेवाले आणि तेच बिहूवाले वसतिगृहाच्या मेसमध्यें जातात, तेव्हां तेथें काय घडतें हें पाहण्याचें कुतूहल आम्हांस आहे. एक माणूस दुसऱ्याला आपला मानतो कीं नाहीं, याची परीक्षा आपल्या देशांत आजवर ताटावरच होत आली आहे.

पवईच्या आय. आय. टी.चेंच उदाहरण घेऊं. 1958 सालीं स्थापन झालेली ही संस्था; तेथें मुलाला प्रवेश मिळावा म्हणून आमच्या मध्यम वर्गांतील किती घरांनीं रक्ताचें पाणी केलें असेल, तें वाचकांस ठाऊक आहेच. 2018 च्या जानेवारींत तेथील एका वसतिगृहांत मांसाहार करणारांनीं निराळीं ताटें वापरावीं, अशी सूचना ई-मेलनें फिरली. 2023 च्या जुलैमध्यें दुसऱ्या एका वसतिगृहाच्या उपाहारगृहांत, येथें केवळ शाकाहाऱ्यांनींच बसावें अशा अर्थाचे कागद भिंतीवर झळकले. पुढें सप्टेंबरांत तीन वसतिगृहांच्या सामाईक मेसमध्यें सहा मेजें शाकाहाऱ्यांसाठीं अधिकृतपणें राखून ठेवण्यांत आलीं. कांहीं विद्यार्थ्यांनीं मुद्दाम त्याच मेजांवर बसून मांसाहार केला व आपला निषेध नोंदविला, तेव्हां त्यांतील एकाला 10,000 रुपयांचा दंड झाला. चेन्नईच्या आय. आय. टी.नें तर 2018 च्या डिसेंबरांतच याच्यावर कडी केली होती. तेथील एका मेसमध्यें शाकाहाऱ्यांचें प्रवेशद्वार निराळें, मांसाहाऱ्यांचें निराळें, आणि हात धुण्याच्या जागाहि निराळ्या, असे फलक लागले. ओरड झाल्यावर ते उतरले.

हात धुण्याची जागा निराळी! मांसाचा वास एखाद्याला सोसत नसेल, हें आम्ही समजूं शकतों. पण नळाखालीं धरलेल्या हातानें शेजाऱ्याचें काय बिघडतें? येथें प्रश्न अन्नाचा राहिला नाहीं, खाणाराच्या अंगाचा झाला. आणि तो प्रश्न आपल्या पूर्वजांना चांगला परिचयाचा होता.

आतां दुसऱ्या पक्षाचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे, कारण तें अगदींच टाकाऊ नाहीं. जन्मापासून ज्याच्या घरांत मांस शिजलें नाहीं, अशा मुलाला शेजारच्या ताटांतील हाड पाहून शिसारी येते, घास घशाखालीं उतरत नाहीं. हें ढोंग नव्हे. आमच्यांतीलच कित्येकजण चातुर्मासांत कांदालसूण वर्ज्य करणाऱ्या घरांत वाढलों आहों, आणि मासळीबाजारावरून जातांना आमचा हात आपोआप रुमालाकडे जातो. म्हणून शाकाहारी मुलाचें अन्न निराळ्या पातेल्यांत शिजावें, तिकडचा डाव इकडे पडूं नये, पाहिजे तर चूलहि निराळी असावी, हें सारें आम्हांस मान्य आहे. त्यांत कुचराई करणाऱ्या मेसचालकास खुशाल जाब विचारावा. ज्याला शेजाऱ्याचें ताट बघवत नाहीं त्यानें उठून पलीकडे बसावें, हेंहि मान्य आहे. परंतु संस्थेनें आपल्या अधिकारानें जागा राखून, तो नियम मोडणाराला दंड केला, कीं एकाच्या खाजगी शिसारीचा सर्वांसाठीं कायदा होतो. शिवाय तो कायदा एकाच बाजूचा. मांसाहाऱ्यांसाठीं सहा मेजें राखलीं आणि तेथें वरणभात खाणाराला दंड ठोठावला, असें कोणीं कोठें ऐकलें आहे काय? 2014 च्या सरकारी नमुना-नोंदणी पाहणींत पंधरा वर्षांवरील भारतीयांपैकीं शेंकडा 70 हून अधिक लोक मांसाहारी आढळले. म्हणजे ज्यांच्यापासून मेजें सुरक्षित ठेवावयाचीं, ते या देशांतील बहुसंख्य होत!

सहा मेजांचे पुरस्कर्ते जात पाळतात, असा आरोप आम्ही करीत नाहीं. त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत तिचा विचारहि आला नसेल. पण ज्या देशांत ताटावरून आडनांवाचा तर्क बांधतां येतो, तेथें ताटांची वांटणी माणसांच्या वांटणीपाशीं जाऊन थांबते, मग मनांत कांहींहि असो. एल्फिन्स्टन हायस्कूलांत शिक्षकांनीं भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला फळ्याकडे बोलाविलें, तेव्हां फळ्यामागें ठेवलेले आपापले जेवणाचे डबे हलविण्यासाठीं वर्गांतील मुलांची धांदल उडाली. तेच आंबेडकर पुढें कोलंबियाहून विद्या संपादून आले, 1918 सालीं सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक झाले, तरी प्राध्यापकांच्या खोलींतील पाण्याच्या भांड्याला त्यांनीं हात लावूं नये, अशी तक्रार तेथील कांहीं सहकाऱ्यांनीं केलीच. डब्यांकडे धांवलेल्या त्या मुलांना कोणीं हटकलें असतें तर त्यांनीं द्वेषाचें नांवहि काढलें नसतें. 'आमच्या घरीं चालत नाहीं,' एवढेंच तीं म्हणालीं असतीं. आजहि उत्तर हेंच मिळतें.

1890 सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चारचौघां सुशिक्षितांनीं चहा घेतला म्हणून केवढें ग्रामण्य माजलें, आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाहि प्रायश्चित्ताच्या फेऱ्यांत कसें सांपडावें लागलें, हें वाचून आपण आज पोट धरून हंसतों. हंसावें. फक्त तें प्रकरण एका शतकापूर्वींचें आणि दंडाचें प्रकरण परवांचें, हें हंसतांना विसरूं नये.

वासाचें म्हणाल, तर त्याची कथा याहून मनोरंजक आहे. दिल्ली पोलिसांनीं 2007 सालीं ईशान्येकडून शिकावयास येणाऱ्या मुलांसाठीं सूचनांची एक पुस्तिका काढली. तींत बांबूचे कोंब, अखुनी वगैरे उग्र वासाचे पदार्थ शेजारीं गडबड उडणार नाहीं अशा बेतानें शिजवावे, असा उपदेश होता. अखुनी म्हणजे काय? नागा लोकांचें आंबवलेलें सोयाबीन! तींत मांसाचा कण नाहीं, आणि बांबूचा कोंब तर भाजीच. तेव्हां शाकाहार हें पुष्कळदां निमित्त असतें. माझ्या ओळखीचा वास तो सुवास आणि तुझ्या ओळखीचा ती दुर्गंधी, एवढेंच त्यांतील तत्त्वज्ञान. आमच्या हिंगाच्या फोडणीविषयीं परदेशांतील घरमालकांचें मत काय असतें, तें तिकडे राहून आलेल्या मराठी कुटुंबांस विचारावें. ठेच्याची मिरची तव्यावर पडली म्हणजे सारी चाळ ठसकूं लागते, पण त्यावर कोणी पुस्तिका काढीत नाहीं.

वास्तविक या प्रश्नाचा निकाल महाराष्ट्रांत केव्हांच लागलेला आहे. शाहू महाराजांनीं 1901 पासून कोल्हापुरांत वसतिगृहें उभारविलीं, तीं जातिवार होतीं. त्या काळीं तसें केलें नसतें तर मुलें शिकावयास आलींच नसतीं. त्याच कोल्हापुरांत जैन बोर्डिंगांत राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनीं 1924 सालीं सातारला वसतिगृह काढलें, तेव्हां मात्र पुढचें पाऊल टाकलें. त्यांत निरनिराळ्या जातींचीं व धर्मांचीं मुलें एकत्र रहात, हातानें स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला बसत. पैशाची सदा ओढ. मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रहि गेलें. 1927 सालीं गांधीजी साताऱ्यास आले, आणि त्यांच्या हस्तें त्या वसतिगृहास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. त्या मुलांच्या घरीं सोंवळेंओंवळें नव्हतें काय? आजच्यापेक्षां दसपट होतें. आणि भाऊराव स्वतः जन्मानें जैन. अहिंसेचें व शाकाहाराचें मर्म त्यांना कोणीं समजावून सांगावयास नको होतें. तरीहि पंक्ति त्यांनीं एकच ठेवली. ज्यांच्याजवळ भाकरीला पीठ नव्हतें त्यांना जें साधलें, तें कोट्यवधींचें अंदाजपत्रक असलेल्या संस्थांस साधूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.

नियमांची वाण आहे असेंहि नाहीं. विद्यापीठ अनुदान मंडळानें 2012 सालीं समतेविषयीं जे नियम केले, त्यांत अनुसूचित जातिजमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह, मेस, वाचनालय, क्रीडांगण अशा ठिकाणीं इतरांपासून वेगळें काढणें हा भेदभाव मानलेला आहे. पण नियम कारकुनाच्या कपाटांत राहतात आणि मेसच्या भिंतीवर कागद दुसराच चिकटतो.

आतां थोडें आमच्या-तुमच्या घरांविषयीं. मुलाला वसतिगृहांत पोंचवावयास गेलों कीं आपण पहिला प्रश्न विचारतों, येथें शाकाहारी सोय आहे ना? त्यांत गैर कांहीं नाहीं. दुसरा प्रश्न किंचित् हलक्या आवाजांत येतो: खोलींतील सोबती कोण, कोठला, आडनांव काय? रेक्टर ऐकतात, मेसचालक ऐकतात, मुलगाहि बाजूला उभा राहून ऐकत असतो. वर्षाअखेर तोच मुलगा मेससमितीवर निवडून येतो आणि सहा मेजांचा ठराव मांडतो, तेव्हां ही कल्पना त्याला कोठून सुचली, याचा शोध करावयास फार लांब जावें लागत नाहीं. येत्या प्रवेशाच्या हंगामांत ज्यांचीं मुलें वसतिगृहांत जाणार असतील, त्या वाचकांनीं मेससमितीस दोन ओळींचें पत्र धाडावें: आमच्या मुलाचें अन्न निराळें शिजवा, पण त्याला बसवा सगळ्यांत. अशीं पन्नास पत्रें एका वसतिगृहांत गेलीं, तर मग तीं सहा मेजें कोणाच्या नांवानें राखतात, तें आम्हांस पाहावयाचें आहे.