तांब्याचा बंब आणि कोराडीचा धूर

परवा भाच्याचा फोन आला. म्हणे, "मामा, कोराडीच्या धुराचं टेन्शन सोड आता. तांब्यावर वीज सोडली की कार्बन डायऑक्साइडचं इंधन होतं!" मला आधी आमच्या जुन्या घरातला बंब आठवला. दर रविवारी चिंच लावून तो घासायचं काम माझ्याकडे असायचं... असो.

पोराचं म्हणणं खोटं नाही. जपानमधल्या योशिओ होरी यांनी १९८५ च्या सुमारास हे दाखवलं होतं. कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या पाण्यात तांब्याचा इलेक्ट्रोड ठेवून वीज सोडली की मिथेन आणि एथिलीन मिळतात. सोनं-चांदी वापरली तर गाडी कार्बन मोनॉक्साइडवरच थांबते, कारण हे धातू त्याला लगेच सोडून देतात. प्लॅटिनम त्याला इतकं घट्ट धरून बसतं की पुढे काही घडतच नाही. तांबं बेतानं धरतं, दोन कार्बन एकमेकांना जोडले जाईपर्यंत. आहे की नाही गंमत? पण एकाच वेळी डझनभर पदार्थ तयार होतात, बरीचशी वीज पाण्यातून हायड्रोजन काढण्यात जाते, आणि आमच्या बंबासारखंच हे तांबंही वापरून वापरून बिघडतं.

माझा आक्षेप मात्र वेगळाच आहे. एक किलो इथेनॉल बनवताना जेमतेम १.९ किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. त्याला अगदी आदर्श यंत्रातसुद्धा ८ युनिट वीज लागते, प्रत्यक्षात कितीतरी जास्त. आणि कोळशाच्या एका युनिट विजेमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे दोन किलो पकडायला आठ किलो सोडायचा! हा कुठला हिशेब बाप्पा?

कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेतच. आणखी दोनांच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. अशा वेळी "पुढे तांबं निस्तरेल" हे वाक्य फार सोयीचं वाटतं, म्हणून मला त्याची भीती वाटते. विमानाच्या इंधनासाठी, प्लॅस्टिकच्या कच्च्या मालासाठी हे संशोधन जरूर व्हावं. राखेचं पाणी पिणाऱ्या गावांना त्याचा आज काय उपयोग?

भाच्याला विचारलं, "वीज कुठली वापरणार?"

"सोलर!"

"अरे, मग तीच ८ युनिटं सरळ घराघरात दे ना. तेवढा कोळसा जळायचाच नाही, आठ किलो वाचतील."

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तो बंब अजून आहे का रे?"

मोडीत दिला, केव्हाच.