निवडक शाळांचे समाजकारण

आंतरराष्ट्रीय शिक्षण मराठीतून देण्याची घोषणा करीत महाराष्ट्र शासनाने आपले स्वतंत्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले आणि 2018 साली प्रारंभी 13 शाळा त्यास जोडल्या. पुढे सरकार बदलले आणि 2020 मध्ये मंडळच गुंडाळले गेले. ते मोडल्याचे दुःख आम्हांस नाही. मूळ कल्पनाच निवडीवर उभी होती. हिंगोली जिल्ह्यातील हजारो मुलांनी निवडलेल्या शाळेचे फक्त कौतुक ऐकायचे काय?

निजामी राजवटीत आमच्या मराठवाड्याने माध्यमिक शिक्षणातील भाषासक्ती सोसली. मराठी मुलाला उर्दूची पायरी चढल्यावाचून वरचा वर्ग दिसत नसे. आज त्या पायरीवर इंग्रजी उभी आहे. जिनिव्हात 1968 साली सुरू झालेल्या आयबीची पदविका मुख्यतः इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश यांतून दिली जाते. भारतात याचा अर्थ इंग्रजी एवढाच. 2022 साली मुंबई महापालिकेने आयबी व केंब्रिजच्या शाळा काढल्या, त्याही मोजक्याच.

कोठारी आयोगाने 1966 मध्ये समान शाळेची शिफारस केली होती. तिला बगल देऊन प्रत्येक सरकार नवा फलक लावते. इंग्रजीला आमचा विरोध नाही. शेतमजुराच्या मुलीला तीही हवी. म्हणून हिंगोलीच्या कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेकडे मागावे ते हे: आठवीपासून विज्ञानाचा प्रत्येक पाठ मराठीत आणि इंग्रजीतही, ऊसतोडीला गेलेल्या मुलांनाही तो परतल्यावर मिळेल अशी सोय, आणि शिकवणारा शिक्षक कायम नेमणुकीचा, तासिकेवरचा नव्हे.