कडी पितळेची, भार धाग्यावर

पावसाळा संपत आला की कुठल्याही चौकातल्या विजेच्या खांबाकडे एकदा निरखून पाहावे. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक वाऱ्याने केव्हाच फाटून गेलेला असतो, पण त्याच्या कोपऱ्यातली धातूची कडी सुतळीच्या गाठीत अजून लटकत असते. कडी जशीच्या तशी असते. तिने धरून ठेवायचे ते कापड मात्र गेलेले असते. हीच कडी, म्हणजे शिवणकामातले आयलेट, आता हातमागाच्या कुर्त्यांच्या गळ्यावर, खणाच्या ब्लाउजच्या पाठीवर, खादीच्या जाकिटांच्या बाजूंना सर्रास दिसते. नाडी ओवली, गोंडे लटकवले की कपडा उठून दिसतो, आणि भोकाला धातूची कड आहे म्हणजे ते पक्के, असे शिवणारा आणि घेणारा दोघेही धरून चालतात. ही समजूत चुकीची आहे. आयलेट कापडाला बळ देत नाही, ते कापडाच्याच बळावर उभे असते. म्हणून हाताने विणलेल्या, हाताने शिवलेल्या कपड्यांत पहिला मान सुईदोऱ्याने केलेल्या भोकाला किंवा कापडी लूपला मिळायला हवा. धातू वापरायचाच तर आधी कापडाची नीट तयारी झालेली असावी, असे माझे म्हणणे आहे.

आयलेट बसवताना नेमके काय घडते ते पाहू. आयलेट म्हणजे पातळ पत्र्याची एक आखूड नळी. तिच्या एका टोकाला टोपीच्या काठासारखी पसरट कड. पंचाने कापडाला भोक पाडायचे, नळी त्यातून काढायची, वरून वॉशर घालायचे आणि साच्यावर ठेवून हातोडीचा ठोका द्यायचा. ठोक्यासरशी नळीचे मोकळे टोक बाहेरच्या बाजूला वळते आणि कापड चिमटीत सापडते. पकड एवढीच. सेंटिमीटरला २० उभे आणि २० आडवे धागे असलेल्या सुती कापडात ५ मिलिमीटरचे भोक पाडले की सुमारे १० उभे आणि १० आडवे धागे तुटतात. पाठीवर दोन्ही बाजूंना सहा-सहा आयलेट असतील तर हा आकडा २४० वर जातो. तुटलेल्या धाग्याचे टोक चिमटीत जेवढे दबले असेल तेवढाच त्याला आधार. गिरणीच्या घट्ट विणीत शेजारचे धागे एकमेकांना आवळून धरतात, त्यामुळे काही काळ निभते. हातमागाच्या मोकळ्या विणीत हा आवळ कमी असतो. नाडी ओढली, कपडा धुतला, पिळला, वाळवला, की एकेक धागा चिमटीतून सरकतो. कडीच्या एका अंगाला चंद्रकोरीसारखी फट दिसू लागते आणि एक दिवस कडी हातात येते.

दाभणाने केलेल्या भोकाची जातच वेगळी. टोकदार दाभण किंवा आरी कापडात खुपसून फिरवली की धागे तुटत नाहीत, बाजूला सरतात. ते भोकाच्या कडेशी दाटीने गोळा होतात, म्हणजे जिथे ताण येणार तिथेच कापड आधीपेक्षा घट्ट होते. मग मेण लावलेल्या दोऱ्याने कडेभोवती जवळजवळ टाके घालायचे, प्रत्येक टाका ओढून बसवायचा आणि मधूनमधून दाभण पुन्हा फिरवून भोक मोकळे करायचे. आणखी मजबुती हवी असेल तर कडेला पितळेची साधी रिंग ठेवून तिच्यावरूनच टाके घालता येतात. रिंग आकार टिकवते, ओढ धागे सोसतात. भोक टाळण्याची वाट तर आपल्याकडे जुनीच आहे. बाराबंदी आवळायला भोकांची गरज नव्हती. तिचे बंद अंगालाच शिवलेले, त्यामुळे ओढ टाक्यांवर वाटली जाते. पायपिंगचे लूप शिवणीत अडकवून त्यातून नाडी ओवणे हे त्याच तत्त्वाचे आजचे रूप आहे, आणि ब्लाउज शिवणाऱ्या बायकांना ते चांगले ठाऊक आहे.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा येईल. धातूची आयलेट आली ती हाताच्या टाक्यांची भोके कमी पडली म्हणूनच ना? युरोपात १८२० च्या दशकात बायकांच्या कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटसाठी ती वापरात येऊ लागली, हे खरे. पण त्याआधी तिथल्या बायकांच्या कंबरेच्या अंगवस्त्रांना हाताने टाके घातलेली भोकेच असत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अठराव्या शतकातली अशी वस्त्रे आजही आहेत. धातूच्या कडीने साधले ते एवढेच की दोरी पूर्वीपेक्षा जास्त आवळता येऊ लागली. आणि तो जादा ताण सोसायला तिथे दाट विणीचे, एकावर एक थर दिलेले कापड होते, शिवाय भोकांच्या शेजारी कडक पट्टी घातलेली असे. दुसरा दाखला जीन्सचा. नेवाडातल्या रेनो गावचे शिंपी जेकब डेव्हिस आणि व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचे पेटंट मिळाले. तिथेही धातू बसला तो जाड कापडाच्या अनेक थरांवर, आणि फक्त जिथे ओढ सर्वांत जास्त तिथे. मागच्या खिशांचे रिव्हेट खुर्च्यांना आणि घोड्याच्या खोगिरांना ओरखडे पाडतात, अशी तक्रार आली तेव्हा १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकले गेले. पुढे १९६० च्या दशकात ते काढून टाकून त्या जागी धाग्याचे दाट टाके आले. रिव्हेटच्या नावावर उभ्या राहिलेल्या कपड्यालाही अखेर तिथे दोराच पुरला.

तंबू, ताडपत्री, रेनकोट, बूट यांचे काय, असेही कोणी विचारेल. तिथे धातूची कडीच योग्य आहे, आणि माझ्या मुद्द्याला त्याच वस्तू सर्वांत जास्त दुजोरा देतात. कांद्याच्या चाळीवर किंवा ट्रकवर टाकलेली चांगली ताडपत्री काठाशी उलगडून पाहावी. काठ दुमडलेला असतो, दुमडीत दोर घातलेला असतो, आणि मगच कडी ठोकलेली असते. ओढ दोरावर जाते, कडी फक्त वाट करून देते. सुती कापडाची शिडे शिवणारे कारागीरही पितळेची रिंग मेण लावलेल्या दोऱ्याने शिडाला शिवून घेत असत, कारण समुद्रावरच्या वाऱ्यात नुसत्या ठोकलेल्या कडीवर त्यांचा भरवसा नव्हता. जाड कापडाच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला हा नियम पातळ, नाजूक कापडाच्या कामात आपण सोडून द्यावा, याला काहीच अर्थ नाही.

आयलेट घातलेला कपडा अंगाला लागून राहतो, हा आणखी एक मुद्दा. बाजारातली स्वस्त चकचकीत आयलेट बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची असतात. ठोक्याने कड वळते तेव्हा मुलाम्याला बारीक तडे जातात. घाम आणि धुण्याचे पाणी तिथून आत शिरते आणि दोन पावसाळ्यांत पांढऱ्या खादीवर गंजाची तांबूस कडी उमटते. तो डाग सहजी निघत नाही. निकेल हे स्पर्शाने होणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीच्या सर्वांत ठळक कारणांपैकी एक आहे आणि घामाने ते जास्त सुटते. युरोपीय संघाने १९९४ मध्येच त्यावर मर्यादा घातली. कातडीला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा तो नियम आहे, आणि कपड्यांवरचे रिव्हेट, बटणे, चेन यांचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. आपल्या उकाड्यात आणि घामात तर ही काळजी जास्तच घ्यायला हवी.

सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आणि पैशांचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. आयलेट ठोकायला काही सेकंद लागतात. सुईने एक भोक नीट बांधायला कितीतरी मिनिटे. बारा भोकांचा ब्लाउज शिवणाऱ्या बाईला त्या वेळेचे दाम मिळत नसतील, तर तिने हातोडी उचलली म्हणून तिला दोष देता येणार नाही. दोष भावाच्या पद्धतीत आहे. ‘हातमाग’, ‘हस्तनिर्मित’ अशी चिठ्ठी लावून जादा पैसे घेतले जातात, तेव्हा त्यातला वाटा शिवणीच्या शेवटच्या टाक्यापर्यंत पोचला पाहिजे. अशा हाताने बांधलेल्या भोकाचा, म्हणजे गोल काजाचा, भाव नगावर वेगळा सांगावा आणि गिऱ्हाइकानेही तो विनाघासाघीस द्यावा. हिशेब दुरुस्तीचाही करायला हवा. टाके उसवले तर त्याच भोकावर अर्ध्या तासात नवे टाके पडतात. आयलेट उपटले तर मागे पहिल्यापेक्षा मोठे भोक उरते. मग ठिगळ लावा किंवा कपडा टाकून द्या. टाकलेला कपडाही सुटत नाही. पाणिपतला जुन्या कपड्यांपासून पुन्हा सूत काढतात, तिथे बटणे, चेन, कड्या हाताने कापून काढाव्या लागतात, आणि ते काम बहुतांशी बायकाच करतात. ठोकताना वाचवलेल्या वेळाची भरपाई अशी दुसऱ्याच बाईकडून होते.

धातूवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. ज्याला कडीची चमक आवडते त्याने ती जरूर लावावी, पण कापडाला तयार करून. दोन थरांमध्ये घट्ट कॅनव्हास किंवा बक्रम असावे, भोक नळीपेक्षा किंचित लहान असावे, वॉशर असलेले पितळी आयलेट घ्यावे आणि ते काठापासून पुरेसे आत बसवावे. आयटीआयमधल्या शिवणकामाच्या अभ्यासक्रमांत पंच आणि हातोडीच्या आधी दाभण हातात दिले जावे. आणि विकत घेणाऱ्याने एक साधी सवय लावून घ्यावी: कपडा उलटा करून भोकाची आतली बाजू पाहायची. तिथे अस्तर आहे का, टाके आहेत का, की कापलेल्या धाग्यांची कुसळे कडीखालून डोकावत आहेत, हे डोळ्यांना लगेच दिसते. दुकानातल्या आरशात फक्त कडी दिसते. कपडा किती वर्षे अंगावर टिकेल, ते तिच्यामागचे धागे सांगतात.