न मोजलेल्या मृत्यूंचा हिशेब

एखाद्या देशाचे आरोग्य कसे आहे, याचे उत्तर तेथील रुग्णालयांच्या संख्येवरून मिळत नाही. तेथील माणसे कोणत्या वयात आणि कशाने मरतात, यावरून ते मिळते. लंडनमधील जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये शहरातील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांचा अभ्यास करून निष्कर्ष मांडले, आणि लोकसंख्येच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या शास्त्राची सुरुवात झाली. साडेतीन शतकांनंतरही या शास्त्राचा पाया मृत्यूची नोंद हाच आहे. भारतात मात्र तो अजून कच्चा आहे. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. उरलेली माणसे गेली एवढेच सरकारदरबारी कळले. कशाने गेली, हे कळले नाही.

ही उणीव केवळ कागदोपत्री नाही. जागतिक आरोग्याच्या चर्चेत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक संकल्पना याच नोंदींवर उभ्या आहेत. सर्वांत परिचित संकल्पना सरासरी आयुर्मानाची. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ त्या काळी माणसे तिशीतच म्हातारी होत असा नव्हे. जन्मलेल्यांपैकी फार मोठ्या संख्येने मुले पाचव्या वर्षाआधी दगावत आणि त्यामुळे सरासरी खाली येई. १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती; २०२३ मध्ये हे प्रमाण २५ वर आले. आज आयुर्मान सत्तरीच्या घरात पोहोचले आहे, त्यात या घटीचा वाटा मोठा आहे.

तथापि, केवळ मृत्यू मोजल्याने आजारपणाचे ओझे पुरते दिसत नाही. नैराश्य, अंधत्व किंवा पाठदुखी यांनी माणूस सहसा मरत नाही, पण त्याची उमेदीची वर्षे वाया जातात. जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालात यासाठी नवे माप वापरले गेले. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारपणात वा अपंगत्वात घालवलेल्या काळाचे भारित मूल्य यांची त्यात बेरीज केली जाते. ख्रिस्तोफर मरे आणि ॲलन लोपेझ यांनी याच मापाने जगाचा 'रोगभार' मांडला, तेव्हा १९९० सालच्या यादीत नैराश्य चौथ्या क्रमांकावर असल्याचे दिसले. मृत्यूच्या तक्त्यात ज्याला जागाच नव्हती, तो आजार एकाएकी धोरणकर्त्यांच्या समोर आला. जे मोजले जाते त्याचीच दखल घेतली जाते, हा या क्षेत्रातील पहिला धडा आहे.

भारतात या धड्याचे सर्वांत बोलके उदाहरण सर्पदंशाचे आहे. रजिस्ट्रार जनरल यांचे कार्यालय आणि डॉ. प्रभात झा यांच्या नेतृत्वाखालील संशोधक यांनी 'मिलियन डेथ स्टडी' हा प्रकल्प हाती घेतला. त्यात प्रशिक्षित कर्मचारी मृत्यू झालेल्या घरी जाऊन अखेरच्या आजाराची हकीकत टिपून घेत आणि दोन डॉक्टर ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवीत. या पद्धतीने २००५ साली देशात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला. रुग्णालयांच्या अधिकृत आकड्याच्या तो तीसपटीहून अधिक होता. या मृत्यूंपैकी ९७ टक्के ग्रामीण भागातील होते आणि बहुसंख्य रुग्णालयाबाहेर झालेले होते. शेतात साप चावलेला माणूस आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचलाच नाही, तर त्याची नोंद तेथे कशी होणार? आणि मृत्यू हजार-दोन हजारच दिसत असतील, तर प्रतिसर्पविष लस प्रत्येक केंद्रात ठेवण्याची निकड कोणाला भासणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला. भारताने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला तो २०२४ मध्ये.

नोंद नसली की आकडा नेहमी कमीच निघतो, असेही नाही. देशात एचआयव्हीबाधितांची संख्या सुमारे ५७ लाख असल्याचे २००६ मध्ये सांगितले जात होते. घरोघरच्या राष्ट्रीय पाहणीतील रक्तचाचण्यांचा आधार मिळाल्यावर २००७ मध्ये हा अंदाज सुमारे २५ लाखांवर आला. तोवर निवडक केंद्रांतील रुग्णांवरून साऱ्या देशाचा हिशेब केला जात होता. मलेरियाबाबत नेमके उलट घडले. जागतिक आरोग्य संघटना भारतात वर्षाला सुमारे १५ हजार मृत्यू मानत होती, तर २०१० मध्ये 'मिलियन डेथ स्टडी'ने सत्तरीच्या आतील मृत्यूच दोन लाखांवर असल्याचे म्हटले. संघटनेने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. पक्की नोंद असती तर असा वाद उद्भवलाच नसता.

कोविडकाळात हाच प्रश्न साऱ्या देशासमोर आला. अपेक्षेपेक्षा किती मृत्यू अधिक झाले, हे सांगणारी 'अतिरिक्त मृत्यू' ही संकल्पना तेव्हा चर्चेत आली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात असे ४७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये दिला. सरकारी आकडा तेव्हा त्याच्या सुमारे एक-दशांश होता. केंद्र सरकारने गणिती प्रारूपाला हरकत घेतली. प्रारूपे निर्दोष नसतात, हे खरेच. परंतु जेथे नोंदी अपुऱ्या, तेथे प्रारूपांनाच बोलावे लागते. २०२१ च्या नागरी नोंदणीचे आकडे मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार त्या वर्षी १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा सुमारे २१ लाख अधिक. नोंदणीचे प्रमाणही वाढत असल्याने ही सारी वाढ साथीच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण तिची खरी फोड सांगू शकेल अशी कारणांची नोंद हाताशी नाही, हेच दुखणे आहे.

हा दोष केवळ खेड्यांचा समजून शहरांनी निर्धास्त राहण्याचे कारण नाही. शहरांत दाखला मिळतो, पण त्यावर अनेकदा 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहिलेले असते. हृदयक्रिया तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. तिच्यामागे मधुमेह होता, क्षयरोग होता की जंतुसंसर्ग, हे त्यावरून समजत नाही. असा दाखला अंत्यसंस्कारापुरता उपयोगी पडतो. पुढच्या पिढीच्या आरोग्यासाठी त्याचा काही उपयोग नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन सर्व वैद्यकीय संस्थांना मृत्यूच्या कारणाचा दाखला देणे बंधनकारक झाले आहे. हे योग्यच झाले. मात्र तो अचूक कसा भरावा याचे शिक्षण डॉक्टरांना मिळाले पाहिजे आणि घरी होणाऱ्या मृत्यूंसाठी हकीकतीवरून कारण ठरविण्याची पद्धत कायमस्वरूपी रुजली पाहिजे.

नोंदीबाहेर राहणारे मृत्यू प्रामुख्याने गरिबांचे, स्त्रियांचे आणि दुर्गम भागांतील माणसांचे असतात. जिवंतपणी ज्यांच्यापर्यंत आरोग्यसेवा पोहोचली नाही, त्यांचा मृत्यूही हिशेबात धरला जात नाही आणि तो धरला न गेल्यामुळे सेवा पुढेही पोहोचत नाही. हे चक्र तोडण्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. प्रत्येक मृत्यूचे कारण जाणून घेण्याची इच्छाशक्ती मात्र शासनाला दाखवावी लागेल.